'घरी न्या' म्हटल्यानंतर

आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले मोठ्या आजाराचे पेशंटही बहुधा याच रस्त्यांनी बाहेर पडतात. कुणाला पुण्याला नेतात, कुणाला माळशेज उतरून मुंबईला 'टाटा'त, कुणाला नाशिकला, कुणाला नगर-लोणीकडे. जाताना सगळी भावकी धावपळीत असते. पैशांची जुळवाजुळव होते, ओळखीचा डॉक्टर शोधला जातो, मुंबईतल्या चुलतभावाला फोन जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, त्यातले कित्येक जण त्याच रस्त्याने परत येतात. सोबत फायलींची पिशवी असते आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, 'आता घरी न्या, सेवा करा.'

हा लेख त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. हे दिवस पंधरा असतात, कधी आठ महिने असतात, लकवा झालेल्या माणसाच्या बाबतीत आठ वर्षंही असतात. आपली आरोग्यव्यवस्था या दिवसांत घरातून जवळजवळ नाहीशी होते. दवाखान्याच्या लेखी पेशंट सुटलेला असतो. घराच्या लेखी मात्र खरी परीक्षा आता सुरू झालेली असते, कारण दुखणं वाढत असतं, पाठीला जखमा होऊ लागलेल्या असतात, घास उतरत नाही, रात्री धाप लागते, आणि 'सेवा करा' म्हणजे नेमकं काय करा, हे कुणीच शिकवलेलं नसतं.

याच दिवसांसाठी वैद्यकशास्त्रात एक पूर्ण शाखा आहे. पॅलिएटिव्ह केअर, मराठीत उपशामक उपचार. गंभीर आजाराच्या माणसाचं दुखणं, धाप, मळमळ, झोप न येणं, भीती, आणि त्याच्याबरोबर घरच्यांची होणारी ओढाताण कमी करणं हे तिचं काम. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका आणि मग डॉक्टर झालेल्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून या शाखेला आजचं रूप आलं. माणसाची वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीची आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचीही असते, आणि यातली एक सोडून दुसरी बरी करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांनी घरात असा आजार पाहिला आहे त्यांना हे पटायला पुस्तक लागत नाही.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. ही सेवा फक्त शेवटच्या आठवड्यासाठी आहे, ती घेणं म्हणजे हात टेकणं, असं डॉक्टरांनाही वाटतं. २०१० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातले रुग्ण कमी उदास होते, शेवटच्या काळात त्यांच्यावर झालेले आक्रमक उपचार कमी होते, आणि तरीही ते सरासरी जास्त जगले: ११.६ महिने, पहिल्या गटाचे ८.९ महिने. म्हणजे केमो चालू असतानाच या डॉक्टरची गाठ घ्यावी. वाट पाहण्यात काही मिळत नाही.

आणि ही सेवा कर्करोगापुरतीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात दरवर्षी जगात सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज असते. मोठ्या माणसांच्या गरजेत कर्करोगाचा वाटा साधारण एक तृतीयांश भरतो. उरलेली गरज हृदयाचे आजार, फुप्फुसं निकामी होणं, मूत्रपिंडं, एड्स, मधुमेहाचे शेवटचे टप्पे, स्मृतिभ्रंश अशा आजारांची आहे. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या आणि आता दोन वाक्यं बोलताना दम लागणाऱ्या म्हातारीला याची तितकीच गरज आहे, जितकी मिशरी-तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या तिच्या शेजारणीला. जगात गरजवंतांपैकी जेमतेम १४ टक्क्यांपर्यंत ही सेवा पोहोचते. भारतासाठीचे अंदाज ४ टक्क्यांच्याही आतले आहेत.

आपल्या भागापुरता साधा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव मिळून सव्वासहा लाखांहून अधिक लोक होते. वर्षाला हजारी पाच-सहा मृत्यू धरले, तर या दोन तालुक्यांत दरवर्षी तीन ते पावणेचार हजार माणसं जातात. अपघात, सर्पदंश, झटक्यात गेलेले बाजूला काढले तरी मोठा भाग हळूहळू, अंथरुणावर, घरच्यांच्या डोळ्यांसमोर गेलेल्यांचा असतो. एवढ्या घरांना दरवर्षी लागणारी गोष्ट दुर्मीळ म्हणता येणार नाही. बाळंतपणासाठी आपण आशाताई, रुग्णवाहिका, नोंदवही, अनुदान अशी साखळी उभी केली आणि ती बऱ्याच अंशी चालते. जाणाऱ्या माणसासाठी तेवढ्याच जिद्दीने साखळी उभी केलेली नाही.

आणि हे सगळं महाराष्ट्राला नवीन आहे असंही नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच उघडलं. डॉ. लुझितो डिसोझा या कर्करोग शल्यविशारदांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. १९९६ च्या सुमारास परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. मेरी ॲन मुकादन यांच्या पुढाकाराने पॅलिएटिव्ह केअरचा विभाग उभा राहिला. त्याच रुग्णालयात पुढे या विषयाचं एम.डी.चं शिक्षण सुरू झालं. १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आलं. तिथे कर्करोगाच्या रुग्णांना मोफत सेवा मिळते. तिथली पद्धत आपल्यासारख्या ग्रामीण कुटुंबांना विशेष उपयोगी आहे. पेशंटबरोबर घरचा माणूस राहतो, दुखणं आटोक्यात आणलं जातं, जखम कशी धुवायची, नळीतून कसं भरवायचं, औषध कोणत्या वेळेला द्यायचं हे त्या माणसाला शिकवलं जातं आणि मग दोघं घरी जातात. मरण्यासाठी ठेवण्याची जागा अशी हॉस्पिसची जी भीती लोकांच्या मनात आहे, तिला हे उत्तर आहे. २०१० पासून जव्हारसारख्या आदिवासी भागातल्या कुटीर रुग्णालयात मुलांसाठी पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्पही राबवला गेला. डोंगरातल्या पाड्यांपर्यंत ही सेवा नेण्याचा तो या राज्यातला प्रयत्न होता, आणि पश्चिम जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने तो वांद्रे-परळपेक्षा जवळचा आहे.

कागदावर तर आपण बरेच पुढे आहोत. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ सालचा. केरळनंतर असं राज्य धोरण आणणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हा विषय आला. आयुष्मान भारतमधल्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर यांचं नाव आहे. म्हणजे गावातल्या उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामाच्या यादीत हे काम अधिकृतपणे आहे. पण राष्ट्रीय कार्यक्रमाला सुरुवातीला स्वतःचा वेगळा निधी मिळाला नाही, तो आरोग्य अभियानाच्या आराखड्यात जागा शोधत राहिला. जिल्ह्याने मागितलं तर मिळतं आणि मागणारं कुणी नसेल तर नाही, अशी त्याची गत आहे. यादीत नाव असणं आणि दाराशी नर्स येणं यांत जे अंतर आहे, ते याच मागणीच्या अभावाने पडलं आहे असं मला वाटतं.

आता वेदनेकडे वळतो, कारण बाकी सगळं तिच्यानंतर येतं. कर्करोग हाडात उतरला की जे दुखतं ते पॅरासिटामॉलने थांबत नाही. माणूस कण्हतो, घर झोपत नाही, लहान मुलं त्या खोलीत जायला घाबरतात. या दुखण्यावर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेलं, साधं आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशामकांची पायरी ठरवून दिली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखणं परत यायच्या आत गोळी द्यायची, हे तिचं गमक. बद्धकोष्ठ होतो म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. सुरुवातीला थोडी गुंगी, मळमळ येते आणि ती बहुधा काही दिवसांत जाते. दुखण्यासाठी नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने पेशंट सहसा व्यसनी होत नाही आणि त्याने मरणही जवळ ओढलं जात नाही. उलट तो जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो.

ज्या देशात नीमच-मंदसौर, चित्तोडगड, बाराबंकी भागात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यावर गाझीपूर व नीमचच्या सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते, त्या देशातल्या माणसाला मॉर्फिन मिळू नये, ही गोष्ट मला नेहमी फार बोचते. हे घडलं १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे. अमली पदार्थांचा व्यापार मोडायला आणलेल्या या कायद्याने औषधी मॉर्फिनलाही त्याच दोरीने बांधलं. रुग्णालयाला चार-पाच वेगवेगळे परवाने लागत, एकाची मुदत दुसरा मिळेपर्यंत संपे, चूक झाली तर तुरुंगाची भीती. औषध दुकानांनी ठेवणं सोडलं, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं, आणि एक पिढी मॉर्फिन न हाताळताच डॉक्टर झाली. कायद्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये काढलेल्या हिशेबात भारतातल्या रुग्णांना गरजेच्या जेमतेम ४ टक्के मॉर्फिन मिळत होतं.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यासाठी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधांचा 'अत्यावश्यक' असा वेगळा गट झाला, परवान्यांचा गुंता सुटला आणि राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी ठरली. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेलं कुठलंही रुग्णालय 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' होऊ शकतं. सरकारी असो, धर्मादाय असो की खासगी. आळेफाट्यावर, नारायणगावात, मंचरला दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एखाद्याने ही मान्यता घ्यायला आज कायद्याची अडचण नाही. अडचण सवयीची आणि जुन्या धाकाची आहे. पेशंटला गोळ्यांसाठी पुणे-मुंबईची खेप घालावी लागणं म्हणजे औषध न मिळणंच. ज्याला बसवत नाही त्याला कोण घेऊन जाणार? आणि त्याच्याऐवजी गेलेल्या मुलाची मजुरी बुडते ती वेगळीच.

मॉर्फिनइतकीच घराला गरज असते ती हातांना शिकवण्याची. पाठीला, माकडहाडाला पडणाऱ्या जखमा बहुतांशी टाळता येतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, अंग कोरडं ठेवायचं, टाचांखाली उशी. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमेला वास येतो आणि त्या वासाने माणूस आपल्याच घरात वाळीत पडतो. सून नाकाला पदर लावते, याचं दुःख जखमेपेक्षा मोठं असतं. मेट्रोनिडॅझोल या अगदी स्वस्त गोळीची पूड जखमेवर वापरून तो वास बराच आटोक्यात येतो. ही गोष्ट एका नर्सला माहीत असणं म्हणजे एका माणसाला पुन्हा घरच्यांत बसवणं आहे. धाप लागलेल्याला आडवं झोपवू नये. पुढे टेबल किंवा उशांचा ढीग देऊन वाकून बसवावं, चेहऱ्यावर पंख्याचा झोत येऊ द्यावा. धापेवरही डॉक्टरच्या सल्ल्याने मॉर्फिनची लहान मात्रा काम करते, हे पुष्कळांना ऐकून आश्चर्य वाटतं.

आणि मग प्रश्न येतो खाण्याचा. आपल्याकडे माणूस जेवेनासा झाला की घर हवालदिल होतं. 'उपाशी कसं मारायचं?' म्हणून बळेच घास भरवला जातो, नाहीतर सलाईनसाठी डॉक्टरांकडे आग्रह धरला जातो. शेवटच्या दिवसांत शरीर अन्नाची मागणी करणं स्वतःच थांबवतं. त्या वेळी चढवलेलं सलाईन पुष्कळदा सूज वाढवतं, छातीत घरघर वाढवतं. ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ करणं, मागितला तर चहाचा घोट, बर्फाचा तुकडा, हेच तेव्हाचं जेवण. पवनारला १९८२ साली विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा सगळ्या देशाने त्यांचं म्हणणं समजून घेतलं होतं. आपल्या घरातली आजी मान फिरवून घास नको म्हणते, तेव्हा तेवढंच समजून घ्यायला हवं. तिचा तो निश्चय नसेल, पण तिचं शरीर तेच सांगत असतं.

हे सगळं करतं कोण? बाई. सून, बायको, लेक, आई. या भागात त्या बाईला गोठा असतो, टोमॅटोची तोडणी असते, पोरांची शाळा असते. पश्चिमेकडच्या महादेव कोळी, ठाकर वाड्यांतली असेल तर नारायणगावच्या मजूर अड्ड्यावरची रोजंदारी असते किंवा हिरड्याचा हंगाम असतो. तिची झोप जाते, पाठ जाते, आणि तिची चौकशी कुणी करत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण पेशंटच्या उशाशी बसतो, चहा घेतो, एक नवीन औषध सुचवतो आणि जातो. त्याऐवजी कुणी दोन तास बसून तिला झोपू दिलं, तर ती मोठी मदत होईल. पॅलिएटिव्ह केअरमध्ये कुटुंबाचाही पेशंटइतकाच विचार होतो आणि माणूस गेल्यानंतरही घरी एक-दोन भेटी होतात. माझ्या मते या शाखेचा सर्वांत शहाणा भाग हाच आहे.

पैशांची बाजू थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांचा भार बऱ्याच घरांवरून उतरवला आहे, पण ती रुग्णालयातल्या पॅकेजवर चालते. घरी येणारी नर्स, पाण्याची गादी, ड्रेसिंगचं सामान तिच्यात बसत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग, पक्षाघात, क्षय, एड्स अशा आजारांच्या निराधार रुग्णांना महिना १५०० रुपये मिळू शकतात. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार रुपयांची आहे. रोजंदारीवर जाणारी एक बाई वर्षात याहून अधिक कमावते. ही अट बदललीच पाहिजे. तोवर जे पात्र आहेत त्यांचे अर्ज तरी वेळेत व्हावेत. तहसील कचेरीतली फेरी आजारी माणसाच्या घराला झेपत नाही, इथे ग्रामपंचायतीने हात द्यायला हवा.

आणखी एक अवघड जागा आहे, सांगण्या-न सांगण्याची. 'त्यांना सांगू नका, खचतील' हे घरच्यांचं पहिलं वाक्य असतं, आणि ते प्रेमापोटीच येतं. पण पेशंटला बहुधा कळलेलंच असतं. त्याने टाटाच्या पायऱ्या चढलेल्या असतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरच्या माणसांशी तो बोललेला असतो. मग तो घरच्यांना जपतो, घरचे त्याला जपतात, आणि मधल्या महिन्यांत ज्या गोष्टी बोलून घ्यायच्या त्या राहून जातात. जमिनीची वाटणी राहते, लेकीला काही सांगायचं राहतं, भावाशी तुटलेलं बोलणं राहतं, एकदा आळंदीला जाऊन यायचं राहतं. सगळं एका दमात सांगून टाकावं असं कुणी म्हणत नाही. 'तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती हवी आहे?' असं पेशंटला विचारणं ही शिकता येणारी कला आहे, आणि तो जेवढं विचारेल तेवढं खरं सांगणं हा त्याचा मान आहे.

याच्या उलट टोकाला अतिदक्षता विभाग. बरं होण्याची शक्यता असते तेव्हा आयसीयू हे वरदान आहे, याबद्दल वाद नाही. पण सगळीकडे पसरलेल्या कर्करोगाच्या ऐंशीतल्या माणसाला शेवटचे दहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून, हात बांधून, काचेपलीकडून दिवसातून दोनदा बघणं, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकणं, हे बहुतेकदा कुणालाच मनातून नको असतं. पण 'लोक काय म्हणतील, शेवटचं केलं नाही म्हणतील' या धास्तीने घरच्यांना थांबवत नाही आणि कायद्याच्या भीतीने डॉक्टरांना थांबवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये त्यांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग अटींसह पहिल्यांदा मोकळा केला. केईएमच्या परिचारिकांनी मात्र इतकी वर्षं अरुणाताईंना ज्या मायेने सांभाळलं, तीही या इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि ती कमी लेखू नये.

९ मार्च २०१८ ला न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही आणि इतकी किचकट वाट होती की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यात लिहायचं. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे राहते. वेळ आली की रुग्णालयाचं एक आणि त्यावर दुसरं अशी दोन वैद्यकीय मंडळं कागद पाहून निर्णय घेतात. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर अशा प्रती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचा प्रश्न मार्गी लागू लागला. गोव्यात २०२४ मध्ये न्या. महेश सोनक यांनी स्वतः असं इच्छापत्र करून इतरांना वाट दाखवली. हा कागद म्हणजे इच्छामरण नव्हे, औषध देऊन मारण्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की घरी पॅलिएटिव्ह केअर पोहोचल्याशिवाय हा कागद अपुरा आहे. व्हेंटिलेटर नको म्हणणाऱ्याला त्याऐवजी काय देणार, याचं उत्तर 'काही नाही' असेल, तर त्याच्या हक्काला अर्थ काय?

उत्तर कसं असावं हे केरळने दाखवलं आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एक साधा दवाखाना सुरू केला. काही वर्षांत मलप्पुरम भागात त्याची लोकचळवळ झाली. शेजारपाजारचे लोक आठवड्यातले एक-दोन तास द्यायला पुढे आले, लहान-लहान रकमा गोळा झाल्या, आणि नर्स घरोघर जाऊ लागली. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि घरभेटीची जबाबदारी पंचायतींवर दिली. त्यासाठी पंचायत आपल्या निधीतून पैसे काढते. डॉक्टर या साखळीत आहेच, पण साखळी चालते ती नर्सवर आणि शेजाऱ्यांवर.

हे जसंच्या तसं इथे उचलता येणार नाही. केरळात बहुतेक भागांत वस्ती सलग असते. आपल्याकडे आहुपे, आंबे-हातवीजच्या बाजूला पावसाळ्यात वाडीवरून पेशंटला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. पूर्वेकडे रस्ते चांगले आहेत, पण उसात बिबट्या आहे. जुन्नर वनविभागात संध्याकाळनंतर एकटी नर्स किंवा आशाताई मळ्यातल्या वस्तीवर जाईल अशी अपेक्षाच करू नये. म्हणून इथली पद्धत दिवसाची हवी: दिवसा भेट, रात्री लागू शकणारी औषधं आधीच घरात मोजून ठेवलेली, कुठल्या त्रासाला कोणतं द्यायचं हे मोठ्या अक्षरात भिंतीवर, आणि रात्री उचलला जाणारा एक फोन. जगात अनेक ठिकाणी ग्रामीण भागात अशी पद्धत वापरतात.

आणि आपल्याकडेही काही जमेच्या गोष्टी आहेत. गावोगावी हरिनाम सप्ताहासाठी आठ दिवस शेकडो माणसांचं जेवण रांधणारी मंडळं आहेत. दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत, विघ्नहर आणि भीमाशंकरसारखे सहकारी साखर कारखाने आहेत, गावच्या शाळेला खोली बांधून देणारी मुंबईकर मंडळं आहेत. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे आणि ओतूरला चैतन्य स्वामींची. या भागाला सेवा शब्द कुणी शिकवायला नको. कमी आहे ती इतकीच की या सेवेला वैद्यकीय ज्ञानाची जोड मिळालेली नाही. दोन तालुक्यांसाठी मॉर्फिन ठेवणारं एक रुग्णालय, प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, तीन-चार नर्स, एक गाडी, आणि गावागावांत प्रशिक्षित आशाताई व स्वयंसेवक. एवढ्यावर सुरुवात होते. कर्करोगाचा मोठा दवाखाना बांधण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि तो वाचवतो ते कर्ज मोठं आहे.

वाचकांना विनंती एवढीच. दर वर्षी २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि ऑक्टोबरचाच दुसरा शनिवार जगभर पॅलिएटिव्ह केअर दिन म्हणून पाळला जातो. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत अंथरुणाला खिळलेले पेशंट किती, याची यादी कुठे आहे? त्यांच्या घरी महिन्यातून एकदा कोण जातं? आणि आमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का, नसेल तर मान्यतेचा अर्ज कधी करणार? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि पंचायतीच्या आराखड्यात या कामासाठी रक्कम धरल्याशिवाय उठू नका.